रिव्हर्स घेताना

"अहो, स्टिअरिंग उजवीकडे फिरवा!" वासंती खाली उतरून ओरडली. जीपमागे भाड्याची कॅरॅव्हॅन जोडून कोकणात यायची ही पहिलीच वेळ. ती मागे घेताना सगळं उलटं असतं, हे मालकाने दोघांनाही बजावलं होतं.

"मला शिकवू नकोस," म्हणत प्रभाकररावांनी डावीकडे फिरवलं. कॅरॅव्हॅन थेट माडावर आदळायच्या बेतात आली.

इतक्या वर्षांच्या संसारानंतर वासंतीची ट्यूब पेटली. "बरं, डावीकडे फिरवा!"

"गप्प बस गं!" त्यांनी मुद्दाम उजवीकडे फिरवलं आणि कॅरॅव्हॅन दोन माडांच्या मधोमध अलगद जाऊन बसली. "बघितलंस?" ते मिशीतल्या मिशीत हसले.

"बघितलं ना!" तिने चहाचं आधण ठेवलं. "उद्या इथूनच घरी परतू या हं. गोव्याबिव्याला काही जायला नको."