मोटार इथली की तिकडची

गोवर्धन घरच्या रांजणातलं पाणीही विचारून घ्यायचा. "माय, पानी घेऊ का?" आफ्रिकेतल्या मोंबासाहून सहा वर्षांनी आलेल्या लेकानं आईच्या घरात पाहुण्यासारखं वागावं, हे तानुबाईला आल्या दिवसापासून डाचत होतं. त्यात त्याचा बेतही बदलला होता. आला तेव्हा म्हणाला, रेल्वेतली कारकुनी पुरे झाली. इथंच एखादी वापरलेली मोटार घेतो, परवाना काढून दर्यापूरच्या रस्त्यावर भाड्यानं चालवतो. आता म्हणत होता, तिकडचे गोरे साहेब मायदेशी जाताना चांगल्या मोटारी मातीमोलानं विकून जातात. तिकडचीच घ्यावी, बोटीनं आणावी.

"मंग आनाले तुले जा लागन," तानुबाई म्हणाली.

"जा त लागनच, माय."

सुभद्रा, सहा वर्षं इथंच राहिलेली त्याची बायको, बाजारासाठी झेंडू निवडत बसली होती. तिनं टोपली उगाच इकडची तिकडं सरकवली.

तानुबाईला मोटारीतलं काही कळत नव्हतं. एवढंच कळत होतं, की मोटार इथं घेतली तर लेक राहतो आणि तिकडं घ्यायची तर जातो. तिनं त्याच दिवशी अमरावतीला नत्थुजी दलालाकडे निरोप धाडला.

दुसऱ्या दिवशी सकाळीच कापडी टपाची मोटार वलगावात दारापुढे येऊन उभी राहिली.

"बाई, लाखात एक चीज हाय," नत्थुजी उतरता उतरताच सुरू झाला. "वकीलसायेब घरून कोर्टात अन् कोर्टातून घरी. बाकी रस्ता इनं पायलाच नाई. खोटं सांगत नाई."

"वकिलाची मोटार, अन् दलाल खरं बोलते. ऐकून घे वो सुभद्रा, असं पुन्हा कानी येनार नाई."

गोवर्धन मोटारीभोवती फिरला. टायर दाबून पाहिले, इंजिनावरचं टोपण उघडून कान लावला.

"इंजिन थकलं हाय, माय. इतक्या पैशात तिकडं..."

"तिकडचं पुरे झालं. चालवून दाखव. आमी दोघी बसतो मांगं."

तिच्या घरची रीतच होती. बैल घ्यायचा तर आधी गाडीला जुंपायचा, घरच्या बाया गाडीत बसवायच्या, मग फिरवायचा. रिकाम्या गाडीला सगळेच बैल गुणी असतात.

नत्थुजी पुढं गोवर्धनशेजारी बसायला निघाला, तर तिनं त्याला हातानंच थांबवलं. "तू राय इथंच. तू बसला त मोटार तुयीच भाषा बोलन."

मोटार निघाली. पेढी नदीच्या उताराकडे गोवर्धननं ती अशी अलगद वळवली, की तानुबाईला काठ धरावाच लागला नाही.

"हात त चांगला बसला हाय तुया," ती मागून म्हणाली. "कोनाची चालवतं तिकडं?"

"सायबाची. कदीमदी."

उत्तर फारच पटकन आलं.

तेवढ्यात काठच्या बाभळींतून म्हशीचं एक वगार उधळत रस्त्यावर आलं. गोवर्धननं ब्रेक दाबला. तानुबाई पुढं ढकलली गेली. सुभद्राचं कपाळ पुढच्या बाकाच्या लाकडावर आपटलं. आणि गोवर्धनचा डावा हात, त्याचं लक्ष नसताना, हातातल्या चाकावरून सुटून शेजारच्या रिकाम्या जागेवर आडवा गेला. पंजा उघडा. गादीपासून वीतभर वर.

वगार निघून गेलं, तरी हात तिथंच होता.

तानुबाई त्या हाताकडे पाहत राहिली. बैलगाडी याच उताराला लागली, की शेजारी बसलेल्या लहानग्या गोवर्धनपुढं ती असाच हात धरायची. साहेबापुढं कोणी असा हात धरत नाही. आणि साहेबाची छाती इतकी खाली नसते.

सुभद्रा कपाळ दाबून बसली होती. तीही तिकडंच पाहत होती.

"लागलं का, माय?" गोवर्धन वळला. दोघींची नजर कुठं आहे हे त्याला दिसलं. त्यानं हात मागं घेतला.

"पोरगा हाय का पोरगी?" तानुबाईनं विचारलं.

इंजिन धडधडत होतं. गोवर्धननं समोर रस्त्याकडे पाहिलं. वगारामागे धावत आलेला गुराखी मोटारीला हात लावून पुढं गेला.

"पोरगी," मग गोवर्धन म्हणाला. "चार वर्षाची."

परतताना गोवर्धननं मोटार अंड्यांची पाटी न्यावी तशी आणली.

नत्थुजी दारातच वाट पाहत होता. "कशी हाय मंग? दुसरं गिऱ्हाईक अकोल्याहून निंगालं हाय, बाई, आताच सांगा."

गोवर्धन उतरला आणि आईपुढं उभा राहिला. त्याचा चेहरा पडला होता.

"इथलीच घेतो, माय," तो म्हणाला. "नाई जात आता. तुयी आन."

तो आल्यापासून हेच ऐकायला तानुबाईचे कान टपले होते. पण तिची नजर मोटारीकडे गेली. सुभद्रा मोटारीतून उतरत होती. कपाळावर टेंगूळ आलं होतं, लुगड्याचा काठ एका हातानं सावरलेला, दुसऱ्या हातानं तिचं तिनंच दार धरलेलं. खाली उतरून ती कोणाकडे न पाहता आत गेली.

"तिकडचीच घे, गोवर्धन," तानुबाई म्हणाली. "थे पोरगी लहान हाय, पडन. इथलीले तुया हाताबिगर बसाची सवय झाली."