वरच्या खोलीतून उत्तर

"चहा थंडा होऊन जाते, पण हात म्हणून लावत नाही," विनता गॅसशी बोलावं तशी पुटपुटली. तरी कप मांडले तीनच.

बाहेर खुर्चीत बसलेल्या श्यामसुंदरांनी ऐकलं, आणि ऐकलं नाही असं केलं. त्यांच्या हातात मोबाईल होता. कारखान्यातून रिटायर झाल्यापासून रोज दुपारच्या चहाआधी ते खानदानाच्या ग्रुपवर आपलं एक मत टाकायचे. कधी मोबाईलवर, कधी निवडणुकीवर, कधी लग्नातल्या डीजेवर. नागपूरचे, सिहोऱ्याचे नातेवाईक जोडलेल्या हातांची चित्रं पाठवून मोकळे व्हायचे. वाचत कोणी नसे. वाचायचा तो एकटा विष्णू, आणि वाचून उलटंच बोलायचा.

विष्णू त्यांचा एकुलता एक. त्याच्यासाठीच गढा मोहल्ल्यातल्या या घरावर त्यांनी खोली चढवली होती. बापलेकाचं समोरासमोर पटत नसे. त्यामुळं बाप खाली, पोरगा वर, आणि भांडण इंटरनेटवर.

परवा श्यामसुंदरांनी लिहिलं होतं, 'मोबाईलनं घरं बुडवली.' वरून उत्तर आलं होतं, 'मोबाईल नव्हता तेव्हा तुम्ही घरी कोणाशी बोलत होते बाबा? वेळ तेव्हाही नव्हता.'

विष्णूचं उत्तर आलं की ग्रुप चिडीचूप होऊन जायचा. घरच्या भांडणात कोण पडणार?

आज त्यांनी लिहिलं, 'इंटरनेटनं अंतर मिटलं म्हणतात. साफ खोटं. आमच्याच घरात खालून वर पोचायला टॉवर लागतो.'

तेवढ्यात फाटक वाजलं. त्यांचा धाकटा भाऊ गुणवंत आला होता, मटाराची पिशवी घेऊन.

"वहिनी, घ्या. सिहोऱ्याचा आहे, एकदम गोड."

विनतानं पिशवी आत नेली. शेंगा सोलल्याचा आवाज येऊ लागला. गुणवंत खुर्ची ओढून भावाजवळ बसला. इकडचं तिकडचं बोलला, थंडीचं बोलला. मग आवाज खाली आणला.

"दादा, एक सांगू? रागावू नका."

"सांग."

"ग्रुप मीच काढला ना, म्हणून लोकं मलाच बोलतात. एक नंबर काढून टाकू म्हणतो. पुष्पाकाकीचा फोन आला होता. वरचं उत्तर वाचलं की त्यांना कसंतरीच होते. रात्री झोप लागत नाही म्हणे."

"उद्धट लिहितो म्हणून?"

गुणवंतानं जिन्याकडे पाहिलं. मग आपल्या चपलांकडे. "तसंच समजा."

"राहू दे. या घरात तेवढंच एक बोलणं उरलं आहे."

"पण दादा, किती दिवस?"

आत शेंगांचा आवाज थांबला.

विनता चहा घेऊन आली. दोघांच्या हातात कप दिले, तिसरा उचलला. "वर देऊन येते," एवढंच म्हणाली आणि जिना चढून गेली. गुणवंतानं चहा घाईघाईनं संपवला. "चलो दादा, बस निघून जाईन. येतो," म्हणत तो फाटकाबाहेर पडला. वरच्या खिडकीकडे त्यानं पाहिलं नाही.

श्यामसुंदर मोबाईल घेऊन बसून राहिले. एरवी चहा संपायच्या आत उत्तर यायचं. आज कपात उरलेल्या घोटावर साय धरली तरी काही नाही.

त्यांना उगाच लहानपणचा विष्णू आठवला. शाळा हिंदीची, गल्ली हिंदी, मराठी फक्त घरात. ळ काही केल्या त्याच्या जिभेवर बसला नाही. 'शालेत केला खाल्ला' म्हणायचा. विनता वर्ध्याकडची, मराठी शाळेत शिकलेली. ती चिडायची, अन् श्यामसुंदर हसायचे. मोठेपणी मराठीत लिहू लागला तेव्हाही तो 'काली स्कूटर' आणि 'वेल नाही'च लिहायचा. सांगून सांगून विनतानं नाद सोडला होता.

मोबाईल वाजला.

'बाबा, तुमचं सगळं बरोबर आहे. आता वेळ नाही.'

त्यांनी ते दोनदा वाचलं. विष्णू आणि बरोबर आहे? आज सोमवार आहे म्हटलं तरी तो वाद घालायचा.

त्यांनी लिहिलं, 'काहून? भांड ना.'

उत्तर आलं नाही. त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला, कठड्याला धरलं आणि जिना चढू लागले. मधे एकदा थांबावं लागलं. सवय नव्हती.

वरचं दार उघडंच होतं. पलंगावरची चादर ताणून घातलेली, एक सुरकुती नाही. भिंतीला एक फ्रेम टेकवून ठेवली होती, तोंड भिंतीकडे. पलंगाच्या कडेला विनता एकटी बसली होती. चार्जरला लावलेला विष्णूचा मोबाईल तिच्या मांडीवर होता. शेजारी चहा भरलेला, तसाच.

तिनं मोबाईल पदराखाली घेतला.

"विष्णूला ळ कधी लिहिता आला, विनता?"

तिनं पदराखालून मोबाईल काढून पलंगावर ठेवला.

"पहिल्याच दिवशी समजलं होतं मला."

तिनं विचारलं, "मग तुम्ही रोज भांडत काहून होते?"

"तू बोलून राहिली होती ना."

तो थंड चहा त्यांनी उचलला. वरची साय बोटानं बाजूला केली आणि उभ्यानंच पिऊन टाकला.

"उद्यापासून दोघांचाच ठेवत जा," ते म्हणाले. "विष्णू गेला, विनता."