दगडातलं शेवाळ
१९५६च्या उन्हाळ्यात अर्जुनीला गाडी चुकलेला नागपूरचा भूगर्भशास्त्रज्ञ देवकाबाईच्या ओसरीत जेवत होता. पोरगा गेल्यापासून तिनं दुसरं ताट मांडलंच नव्हतं. पाहुण्यानं रायपूरकडच्या खाणीतला दगड दाखवला. त्यावर केसासारख्या काळ्या रेघा होत्या. "हे समुद्रातलं शेवाळ, मावशी. जमिनीवर गवतसुद्धा नव्हतं तेव्हाचं. दगडात ठसा राहिला." देवकाबाईनं रेघांवरून बोट फिरवलं. तिचा मनिराम जहाजावर खलाशी होता. समुद्रात बुडाला, प्रेतही मिळालं नाही. "येवढं नाजूक शेवाळ राह्यलं, बाबू. माह्या पोराचं काहीच काऊन नाही राह्यलं?" त्यानं दगड तिच्या हातात दिला. "दगड तुम्ही ठेवा," तो म्हणाला. "नोको, तुह्या कामाचा हाये." तिनं तो परत दिला. "येवढंच सांग, समुद्राचं पानी लय थंड राह्यते का?" "नाही, मावशी. कोमट असतं." देवकाबाईनं मान हलवली आणि त्याच्या ताटात भात वाढला.