कोणाच्या मापाचं कॅरिअर

लेकरू छातीशी बांधायच्या कॅरिअरचा पट्टा विमलताईंच्या पोटाला वळसा घालून आला आणि चार बोटं अलीकडेच थांबला. विमलताईंनी पोट आत घेतलं, सूनबाई निकितानं मागून ओढ काढली, दुकानवाल्या हंसाबाईंनी उगाचच स्वतःचा श्वास रोखला. बकल काही लागलं नाही.

"माह्यानं नाही होत बाप्पा," विमलताई म्हणाल्या आणि खुर्चीत बसल्या.

काउंटरवर नऊ महिन्यांची अर्पिता बसली होती. ती दुकानातलं एक टोपडं चघळत होती आणि आजोबा, म्हणजे वामनराव, तिला पाठीमागून एका हातानं धरून होते. या चिमुरडीनं सगळ्या घराला वेठीला धरलं होतं. तिला झोप लागायची ती फक्त कुणाच्या तरी छातीशी. पाळण्यात ठेवलं की ती अख्खं गाव गोळा करायची. आणि उद्यापासून निकिताला शाळेत शिकवायला जायचं होतं. रजा संपली होती. विमलताईंचे गुडघे तर कधीचेच संपले होते. म्हणून हे सगळे दोन गाड्यांवर बसून आर्णीला आले होते. आज कॅरिअर घेतल्याशिवाय परत जायची सोय नव्हती.

मग निकितानं कॅरिअर बांधून पाहिलं. छान बसलं.

"तुले बसून काय फायदा? तू तर शाळेत," हंसाबाई म्हणाल्या. "दिवसभर पोरीपाशी कोण राहीन?"

"मी," विमलताई म्हणाल्या. मग जरा थांबून, "आन् हा."

'हा' म्हणजे रजत. अर्पिताचा बाप. तो दुकानाच्या पार दुसऱ्या टोकाला हात मागे बांधून उभा होता आणि दुधाच्या बाटल्या अशा निरखत होता, जणू त्यालाच प्यायच्या आहेत. वामनरावांच्या घराण्यात आपल्या वडिलांसमोर स्वतःचं लेकरू उचलायची रीत नव्हती. ते कुणी कधी बोलून दाखवलं नव्हतं, पण पाळत सगळेच होते. बाप समोर असला की रजतला आपली पोरगी दिसायचीच नाही. त्यामुळे ज्याच्या अंगाला कॅरिअर लागणार होतं, तेवढ्याचंच माप कुणी घेतलं नव्हतं.

वामनरावांनी अर्पिताला निकिताकडे दिलं, टोपी नीट केली आणि म्हणाले, "मी चहा घेऊन येतो."

ते रस्ता ओलांडेपर्यंत सगळे शहाण्यासारखे उभे राहिले. मग दुकानात लगीनघाई उडाली.

पहिलं कॅरिअर रजतच्या खांद्यात रुतलं. दुसऱ्यात इतका फोम होता की हंसाबाईंनी स्वतःच ते बाजूला टाकलं. "आपल्याकडच्या उन्हात लेकरू उकडून निघंन." तिसरं निळं, मऊ सुती कापडाचं, कमरेला रुंद पट्ट्याचं. अर्पिताला आत बसवलं.

"बुडापेक्षा गुडघे वर पाह्यजे. पाय लोंबकळले की समजा चुकलं," हंसाबाई सांगत होत्या. गुडघे वर आले. अर्पिता बेडकासारखी चिकटली. तिनं बापाची कॉलर मुठीत धरली, गाल छातीवर टेकला आणि दोन मिनिटांत घोरायला लागली.

रजत जपून एक पाऊल चालला. मग दोन. मग तो काउंटरपर्यंत जाऊन गिरकी घेऊन परत आला. दोन्ही हात मोकळे सोडून त्यानं ते निकिताला हलवून दाखवले. त्याला इतकं हसू येत होतं, आणि पोरगी उठेल म्हणून ते इतकं दाबावं लागत होतं, की कॅरिअरच गदगदा हलत होतं. विमलताईंनी पदराचा बोळा तोंडात धरला. निकिता तर हसता हसता खालीच बसली. इतका आनंद रजतला पोरगी झाली त्या दिवशीही दाखवता आला नव्हता, कारण तेव्हा वामनराव शेजारीच उभे होते.

"बाबा आले," निकिता एकदम म्हणाली.

रजतनं हात मागे नेला. बकल पाठीच्या बरोबर मध्ये होतं, तिथं हात पोचेना. बकलाच्या मागे तो स्वतःभोवतीच फिरला, त्याच्या मागे निकिता फिरली. शेवटी तो टांगलेल्या फ्रॉकांच्या मागे शिरला. वर गुलाबी झालरी, खाली पॅन्ट आणि चपला, आणि मधून बारीक घोरणं.

वामनराव एकटे नव्हते. चहाच्या टपरीवर गाठ पडलेले त्यांचे जुने मित्र पुंडलिकरावही सोबत होते. वामनरावांनी दोन फ्रॉक बाजूला सारले.

पुंडलिकरावांचे डोळे मोठे झाले. "वामनराव, पोरगं तुमच्यासमोर लेकरू गळ्यात बांधून उभं हाय. आपल्या टायमाले होती का अशी हिंमत कोणाची?"

"काढूनच राह्यलो बाबा," रजत म्हणाला.

वामनराव त्याच्या पाठीमागे गेले. त्यांचा हात बकलावर आला. निकितानं पोरीला झेलायला दोन्ही हात पुढे केले. वामनरावांनी पट्टा ओढून जरा घट्ट केला आणि लेकाच्या पाठीवर हात तसाच ठेवला.

"राहू द्या पुंडलिकराव," ते म्हणाले. "हा एवढासा होता तवा केवढा जड होता, थे मले अजूनही मालूम नाही."