बोलीत मिळालेली खोली

हॉटेलातल्या खोल्या आवरून आवरून बायकोच्या कंबरेचा काटा ढिला झाला होता. तिला एक दिवस तरी आयतं अंथरूण मिळावं, म्हणून नवऱ्याने मोबाइलवर एका साइटवर बोली लावून निम्म्या भावात एक खोली पटकावली. त्या साइटवर हॉटेलचं नाव पैसे भरल्यावरच कळायचं आणि भरलेले पैसे परत मिळायचे नाहीत.

नाव उघडलं आणि त्याचा चेहरा पडला. ती जिथे राबायची, नेमकं तेच हॉटेल निघालं होतं.

"चुकलंच माझं. राहू दे, नको जायला," तो ओशाळून म्हणाला.

ती मात्र बॅग भरायला लागली होती.

"अहो, जायचं म्हणजे जायचं. आमच्या मॅनेजरसाहेबांना एकदा खोलीतून फोन करून सांगायचंय, टॉवेलला वास येतोय, दुसरा घेऊन या."