वाट्याची पानं

वाचनालयातल्या पडद्यावर कुमुदताईंनी नवऱ्याची कादंबरी उघडली आणि नेहमीसारखी अक्षरं धूसर झाली. पडदा प्रत्येकाचे डोळे ओळखून पुस्तकातली थोडीच पानं दाखवायचा, ज्याला त्याला वेगळी. कुमुदताईंच्या वाट्याची केव्हाच वाचून झाली होती. पुरं पुस्तक विकत मिळत नव्हतं, कारण प्रकाशन बंद पडलं होतं आणि हक्कांचा दावा कोर्टात होता. छापील प्रती स्कॅन होऊन लगद्यात गेल्या होत्या. नवरा, श्रीधरराव, होते तेव्हा ‘वाचू सवडीनं’ म्हणत कुमुदताईंनी ती कादंबरी वाचलीच नव्हती.

शेजारच्या अनोळखी माणसाला त्या म्हणाल्या, “हे जरा उघडून बघता का? मोठ्यानं वाचायला बंदी आहे, पण काय लिहिलंय ते सांगितलेलं चालतं.”

तो मनात वाचून सांगू लागला. “एक बाई स्वयंपाकघरात गातेय. नवरा चपला हातात घेऊन दाराबाहेरच थांबलाय. आपली चाहूल लागली की ती गप्प होते, म्हणून रोज असाच उभा राहतो म्हणे.”

 श्रीधररावांना गाणं आवडत नाही, असंच कुमुदताई संसारभर धरून चालल्या होत्या.

“पुढे?”

“पुढचं मला दिसत नाही, आजी.”

घरी येऊन त्यांनी भात टाकला आणि कित्येक वर्षांनी गुणगुणू लागल्या. जिन्यात पावलं वाजली तशा त्या सवयीनं थांबल्या. पावलं वरच्या मजल्यावर निघून गेली. मग त्यांनी पुन्हा सुरुवात केली, बाहेर ऐकू जाईल अशा आवाजात.