ओल्या गोवऱ्या

नत्थुजींनी पिशवीतून काढलेली गोवरी हातातच मोडली. आत नुसता लगदा. रात्रीच्या अवकाळी पावसात वाऱ्याने त्यांच्या शेडचे टिन उडवून नेले आणि खाली रचलेला सगळा माल भिजला. हे सांगायला ते फोन न करता स्वतः आले, एवढा माणूस सरळ.

पण सरळपणावर रोडगे भाजत नाहीत. तेल्हाऱ्याबाहेरच्या मारोतीला दुपारी पंगत बसायची होती. कणीक मळून झाली होती, वांगी चिरणं चाललं होतं आणि पंगतीचा ठेका घेतलेल्या बंडूकडे वाळलेली म्हणावी अशी एक गोवरी नव्हती. गॅसवर पुऱ्या तळतो म्हणायचीही सोय नाही. गावाने मारोतीला निखाऱ्यांत भाजलेले कणकेचे रोडगे कबूल केले होते, पुऱ्या नव्हे. ही पंगत फसली तर पुढच्या चैत्रात आपल्याला कोणी दारात उभं करणार नाही, हे बंडूला स्वच्छ दिसत होतं.

बंडूची रीत सोपी होती. मोठ्या ऑर्डरीला नत्थुजी. एक फोन, एक गाडी, भानगड नाही. आजवर त्यात कधी दगाही झाला नव्हता. त्याची बायको आकांक्षा मात्र रस्त्यावरच्या गावोगावच्या बायांकडून टोपली-टोपली गोवऱ्या घ्यायची, ऑर्डर नसली तरी घ्यायची आणि लहानसहान कामांत संपवायची. दोन घरचा पाहुणा उपाशी राहतो म्हणतात, तुझी तर गावंच्या गावं आहेत, असं बंडू तिला चिडवायचा.

आता ती ओट्याच्या कडेला बसून त्याच बायांना फोन लावत होती. पार्वताबाईला तिने आधी नातवाच्या तापाचं विचारलं. शकुनला म्हैस व्याली का ते विचारलं. बंडूचा जीव वरखाली होत होता. पण अवकाळी पाऊस कसा, शेताच्या धुऱ्याच्या, बांधाच्या इकडे झोडपतो अन् तिकडे थेंब नाही. कोणाचं गाव भिजलं होतं, कोणाचं कोरडं होतं. कोरड्या गावांना तिने फाट्यावर यायला सांगितलं आणि टेम्पो पाठवला.

टेम्पो आला तो भरूनच. गोवऱ्या पोत्यांत होत्या, टोपल्यांत होत्या, जुन्या लुगड्यांत बांधलेल्या होत्या. मागितल्या त्याहून जास्तच. जाळ धरला, निखारे पडले, रोडगे आत गेले. बंडूचे डोळे पाणावले. धुराचं निमित्त होतं म्हणून बरं. त्याला बायकोचा इतका अभिमान चारचौघांत कधी वाटला नव्हता.

तेवढ्यात आकांक्षाने काही पोती टेम्पोतच ठेवायला लावली आणि नत्थुजींना हाक मारली. त्यांनी आज अकोटकडच्या एका पंगतीलाही शब्द दिला होता. ते मान खाली घालून बसले होते ते त्याच्याच काळजीने.

"काका, हे पोते घेऊन जा. तिकडची पंगत निभून जाईन."

बंडूने तिला बाजूला घेतलं.

"आपल्याले तोंडावर पाडलं त्यानं. त्याले काहून देऊन राहिली?"

आकांक्षा काठीने निखारे सारत होती. तिने वर पाहिलंही नाही.

"उद्या या बायांच्या गावावर पाणी पडन. तवा वाळल्या गोवऱ्या कोनाच्या घरी असतीन?"

आभाळ अजून भरलेलंच होतं. बंडू टेम्पोकडे गेला, ताडपत्री ओढली आणि नत्थुजींच्या पोत्यांवर चारी बाजूंनी घट्ट बांधू लागला.